बिनधुराची दारू म्हातारी होते तेव्हा

अमेरिकेतल्या लहान गावांमध्ये हे दृश्य नवे नाही. घरातले शिकारीचे शौकीन आजोबा जातात. महिन्या-दोन महिन्यांनी मुले गॅरेज आवरायला काढतात. भिंतीलगतच्या टेबलावर हाताने चालवायचा एक छोटा दाबयंत्राचा सांगाडा असतो, शेजारी नाजूक तराजू आणि पितळी पुंगळ्यांनी भरलेल्या बरण्या. मागच्या फळीवर पत्र्याचे आणि पुठ्ठ्याचे डबे ओळीने मांडलेले असतात. त्यांवरची नावे आता कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. ड्यूपाँटने बंदुकीच्या दारूचा धंदा कधीच सोडला. हर्क्युलिस हे नावही डब्यांवरून गेले. मुलांपुढे प्रश्न उभा राहतो, हे फेकायचे, ठेवायचे की विकायचे?

चार वर्षांपूर्वीपर्यंत या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘फेका’ असे मिळाले असते. आता ते ‘विका’ असे मिळू लागले आहे, आणि म्हणूनच हा विषय आरोग्याच्या पानावर घ्यावा लागतो.

आधी हा उद्योग काय आहे ते पाहू. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या काही देशांत रायफलचे काडतूस घरी भरणे कायदेशीर आहे. एकदा वापरलेली पितळी पुंगळी पुन्हा आकारात आणायची, तिच्या बुडाला नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी दाबून बसवायची, असे त्याचे साधे रूप. कुणी पैसे वाचवण्यासाठी करतो, कुणी नेमबाजीत अचूकपणा यावा म्हणून, तर कुणी आजोबांच्या जुन्या रायफलला लागणारे काडतूस बाजारातून गेले म्हणून. या लोकांचा जीव विशिष्ट दारूवर जडलेला असतो. अमुक रायफलला अमुकच दारू ‘मानवते’, हे ते आपल्याकडच्या जात्यावर दळलेल्या पिठाबद्दल बोलावे तशा खात्रीने सांगतात. आवडती दारू बंद झाली की उरलेले डबे जपून ठेवले जातात. लोणचे मुरावे तसे ते वर्षानुवर्षे फळीवर राहतात. फरक इतकाच, की लोणचे मुरते आणि ही दारू सडते.

टंचाई कुठून आली? २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि तोफगोळ्यांची मागणी कुणी कल्पनाही केली नव्हती इतकी वाढली. तोफगोळ्याला पुढे ढकलणारी दारू आणि शिकारीच्या काडतुसातली दारू यांचा मूळ पदार्थ एकच आहे, नायट्रोसेल्युलोज. तो कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून होतो. त्यातही उत्तम मानली जाते ती सरकीला चिकटून राहणारी आखूड लव. जिनिंगमध्ये लांब धागा निघून गेल्यावर सरकीच्या अंगावर जी पांढरी झूल राहते, तीच. विदर्भ-खानदेशातल्या वाचकाला ती डोळ्यांनी माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या नेत्यांनी जाहीरपणे कबूल केले, की युरोप या लवेसाठी फार मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून आहे. त्याआधी, २०२३ च्या अखेरीस, विस्टा आउटडोअर या अमेरिकेतल्या मोठ्या काडतूस कंपनीने विक्रेत्यांना पत्र पाठवून जगभर दारूचा तुटवडा येणार असल्याचे आणि त्यामुळे भाव वाढणार असल्याचे कळवले होते. पुढच्या वर्षी तिच्याच अलायंट या शाखेने घरगुती वापराच्या डब्यांचा पुरवठा तूर्त थांबवला. लष्कराची गरज आधी, छंदाची मागून, हे युद्धकाळातले जुनेच गणित आहे.

बाजारात नवा डबा नसेल तर जुन्याला भाव येतो. जुन्या मालाच्या लिलावांत, घरसामानाच्या विक्रीत, मित्रामित्रांत बंद झालेल्या दारूचे डबे हात बदलू लागतात. विकणाऱ्याला आत काय आहे ते ठाऊक नसते, घेणाऱ्याला ते किती जुने आहे ते ठाऊक नसते. डब्यावर बहुधा फक्त खेपेचा क्रमांक असतो. औषधाच्या पट्टीवर असते तशी ‘या महिन्यापर्यंत वापरा’ अशी ओळ त्यावर नसते.

ती ओळ का असायला हवी, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. शिवकाळातल्या किल्ल्यांवर दारूकोठारे होती ती याच दारूची. कोरडी ठेवली तर ती शंभर वर्षांनीही तशीच राहते, कारण तिच्या आत काही घडत नसते. १८४६ च्या सुमारास बाझल इथले रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइन यांनी कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात बुडवला आणि स्फोटक कापूस तयार झाला. तो जळताना धूर जवळजवळ होत नव्हता, पण वागणे बेभरवशाचे होते. १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या फेव्हरशॅम इथला कारखाना उडाला आणि पुढे कित्येक वर्षे कुणी त्या वाटेला फारसे गेले नाही. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएल यांनी हाच कापूस द्रावकात मऊ करून, पातळ पट्ट्या काढून, वाळवून त्याला शिस्त लावली. बिनधुराची पहिली यशस्वी दारू ती. मग आल्फ्रेड नोबेल यांनी तिच्यात नायट्रोग्लिसरीन मिसळले आणि इंग्रजांनी त्याच धर्तीवर कॉर्डाइट काढले. आपल्या नीलगिरीत अरुवनकाडूला त्याचा कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उभा राहिला.

मराठीत मद्यालाही दारू आणि स्फोटकालाही दारू, हा योगायोग काही वेळा अगदीच खरा ठरला आहे. बोअर युद्धाच्या काळात काही इंग्रज सैनिक कॉर्डाइटच्या कांड्या चघळून नशा करत असल्याच्या नोंदी आहेत. तो परिणाम नायट्रोग्लिसरीनचा. रक्तवाहिन्या सैल पडतात, डोके गरगरते, चेहरा तापतो आणि मागून भयंकर डोकेदुखी येते. हेच द्रव्य छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळीत अत्यल्प मात्रेत असते. ज्यांनी ती गोळी घेतली आहे त्यांना ती डोकेदुखी सांगावी लागत नाही. सुरुंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना ती सोमवारी होई, रविवारच्या सुटीत शरीराची सवय मोडायची म्हणून. त्यांच्यातले काही जण नेमके सुटीच्या दिवशी हृदयविकाराने दगावत, हेही वैद्यकाने नंतर नोंदवले. नायट्रोग्लिसरीन असलेली दारू घरी उघड्या हातांनी हाताळणाऱ्याला डोके दुखण्याचे कारण इतके जवळ असते, पण डॉक्टरला तो ते सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाही.

आता मुख्य मुद्दा. नायट्रोसेल्युलोज हा स्वभावतः अस्थिर पदार्थ आहे. तो तयार झाला त्या दिवसापासून फार हळूहळू स्वतःच मोडत असतो. मोडताना नायट्रोजनचे ऑक्साइड वायू बाहेर पडतात, ओलाव्याशी मिळून त्यांचे आम्ल होते आणि ते आम्ल उरलेल्या पदार्थाला आणखी वेगाने मोडते. एकदा हे चक्र सुरू झाले की थांबत नाही. त्यातून उष्णता निर्माण होते, ती साठली की दारू कुणी काडी न लावता पेटते.

हे फ्रेंच आरमाराने फार मोठी किंमत देऊन शिकले. १२ मार्च १९०७ रोजी तुलाँ बंदरात दुरुस्तीसाठी उभी असलेली ‘इएना’ ही युद्धनौका स्फोटाने फुटली. सुमारे १२० माणसे गेली. चार वर्षांनी, २५ सप्टेंबर १९११ रोजी, त्याच बंदरात ‘लिबेर्ते’ उडाली. त्यात सुमारे ३०० जण गेले. दोन्ही वेळी शत्रू कुठेच नव्हता. ठपका आला तो जुन्या झालेल्या दारूवर.

उपाय सापडला होता, आणि तो आजही तोच आहे. दारू बनवताना तिच्यात डायफिनाइल अमाइन नावाचे द्रव्य साधारण एक टक्का मिसळतात. हे द्रव्य सुटणारे वायू टिपून घेते आणि चक्र सुरूच होऊ देत नाही. पण टिपता टिपता ते स्वतः संपत जाते. पाहरेकरी जागा असतो तोवर घर सुरक्षित, आणि या पाहरेकऱ्याच्या नोकरीची मुदत ठरलेली असते. ती किती, हे मुख्यतः उष्णतेवर अवलंबून असते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की मोडण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो. थंड, कोरड्या तळघरात ठेवलेला डबा पन्नास वर्षे ठणठणीत राहू शकतो. टेक्सासमधल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला त्याच खेपेचा दुसरा डबा त्याच्या कितीतरी आधी खराब होईल. म्हणून दारूचे वय सालात मोजणे फसवे आहे. बंद झालेली दारू धोकादायकच असते, असेही नाही. अनेक जुने डबे उत्तम असतात. पण कोणता डबा कसा, हे लेबल सांगत नाही.

लष्करे यावर एक सरळ उपाय करतात. प्रत्येक खेपेचा नमुना राखून ठेवतात आणि तो ६५.५ अंश सेल्सिअसला तापवत ठेवून तांबडा वायू दिसायला किती दिवस लागतात ते पाहतात. शिवाय ठरावीक काळाने स्थिरकाचे प्रमाण मोजतात. अमेरिकी लष्करात ते ०.२ टक्क्यांखाली गेले की ती खेप नष्ट करायची असते. गॅरेजमधल्या डब्यासाठी यातले काहीच होत नाही. आणि नवा माल नेहमी निर्धोक, असेही नाही. आयएमआर ४००७ एसएससी या रायफलच्या दारूच्या काही खेपा अपेक्षेपेक्षा लवकर खराब होत असल्याचे दिसले आणि कंपनीला त्या परत बोलवाव्या लागल्या. ज्यांच्यापर्यंत ती सूचना पोचली नाही त्यांच्या फळीवर तो डबा आजही असू शकेल. ही दारूही आता बंद आहे.

दुसरा धोका नावांचा आहे. डॉक्टरांना तो लगेच समजेल, कारण औषधांच्या सारख्या दिसणाऱ्या नावांनी दवाखान्यांत रोज गोंधळ होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सरकारकडे अतिरिक्त दारूचे डोंगर उरले होते. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन या गृहस्थाने त्यातला माल स्वस्तात घेऊन नेमबाजांना विकायला सुरुवात केली. ४८९५ ही रायफलच्या काडतुसातली दारू आणि ४८३१ ही विमानविरोधी २० मिलिमीटर तोफेची. घरी काडतूस भरण्याचा छंद अमेरिकेत रुजला त्यात या सरकारी शिल्लक मालाचा वाटा मोठा आहे. तो माल संपल्यावर त्याच क्रमांकाने नवी दारू बनू लागली. नंतर आयएमआर नावाखालीही ४८३१ बाजारात आली, आणि ती हॉजडनच्या ४८३१ पेक्षा वेगाने जळते. डब्यावर क्रमांक तोच, वागणूक वेगळी. हॉजडनसाठी सांगितलेले वजन आयएमआरच्या दारूचे घातले तर नळीतला दाब सुरक्षित मर्यादेच्या वर जाऊ शकतो. रायफलच्या नळीत दाब आधीच प्रचंड असतो. तिथे थोडी चूकही खटका फोडून गरम वायू आणि धातूचे तुकडे मागे, नेमबाजाच्या तोंडावर फेकते. डोळा, गाल, अंगठा आणि तर्जनी, या जखमा साधारण अशाच असतात. संरक्षक चष्मा लावलेला माणूस आणि न लावलेला माणूस यांच्यात एका डोळ्याचा फरक पडतो.

खराब झालेली दारू तर आणखी वेगळी वागते. काही वेळा ती दुबळी होते, काही वेळा तिचे दाणे मोडून बारीक होतात आणि जळण्याचा वेग वाढतो. तिच्यातून निघणारे आम्ल पितळ पोखरते. जुन्या काडतुसाच्या पुंगळीवर आतून हिरवट डाग, मानेशी भेग आणि टोपीभोवती गंज दिसला, तर ते काडतूस उडवायचे नसते. ते मोडून आतली दारू दुसऱ्या पुंगळीत घालायचीही नसते. गरिबी किंवा कंजूषपणा, कोणत्याही कारणाने हा मोह होतो, आणि टंचाईत तो वाढतो.

जिचा विचार सगळ्यात कमी होतो, ती गोष्ट म्हणजे डब्यातला वायू. खराब झालेल्या दारूचा डबा उघडला तर तांबूस-तपकिरी धूर दिसतो, तिखट आम्लाचा वास येतो, आतल्या दाण्यांवर तांबडी धूळ दिसते, झाकण आतून गंजलेले असते. चांगल्या दारूलाही थोडा ईथर किंवा स्पिरिटसारखा वास येतो, तो द्रावकाचा आणि निरुपद्रवी. तिखट, नाकात झोंबणारा वास मात्र वेगळा. तो नायट्रोजन डायऑक्साइडचा.

हा वायू अमोनिया किंवा क्लोरिनसारखा सज्जन नाही. अमोनिया नाकात गेला की माणूस पळतो, कारण तो नाका-घशातल्या ओलाव्यात लगेच विरघळून आग लावतो. नायट्रोजन डायऑक्साइड कमी विरघळतो. त्यामुळे वर फारसे झोंबत नाही, माणूस तिथेच थांबतो, आणि वायू खाली फुफ्फुसाच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत पोचून तिथे आम्ल तयार करतो. थोडा खोकला, डोळ्यांना चुरचुर, मग सगळे बरे. सहा, बारा, कधी चोवीस तासांनी फुफ्फुसात पाणी भरू लागते. दुपारी ठीक म्हणून घरी पाठवलेला रुग्ण रात्री गुदमरत परत येतो. ज्यांना यातून बरे वाटते त्यांच्यातल्या काहींना दोन ते सहा आठवड्यांनी दुसरा तडाखा बसतो, त्यात फुफ्फुसातल्या बारीक नळ्या चिकटून बंद होतात. शेतातल्या बंद कोठारात मुरणाऱ्या चाऱ्यातूनही हाच वायू निघतो. वैद्यकशास्त्राला तो तिथून अधिक ओळखीचा.

याचे सर्वांत भीषण उदाहरण एका दवाखान्यातलेच आहे. १५ मे १९२९ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या तळघरात क्ष-किरणांच्या जुन्या फिल्मचा साठा पेटला. त्या काळी फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे, म्हणजे पारदर्शक पट्टीच्या रूपात तीच बिनधुराची दारू. तपकिरी वायू जिन्यांतून आणि भिंतींतल्या पोकळ्यांतून वर चढला. १२३ माणसे मेली. त्यांच्यात संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, डॉ. जॉन फिलिप्स, होते. ते आगीतून बाहेर आले, त्यांना बरे वाटत होते, आणि संध्याकाळी ते गेले. त्या दुर्घटनेनंतर दवाखान्यांनी सुरक्षित फिल्मकडे वळण्याची घाई केली.

महाराष्ट्रालाही या पदार्थाच्या म्हातारपणाचा हिशेब चुकवावा लागला आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि भारतीय सिनेमाच्या पहिल्या काळातला मोठा ठेवा जळून गेला. ती रिळे दारूच्या डब्यांची सख्खी भावंडे. कापूस आणि आम्ल यांच्यापासून झालेली, वर्षानुवर्षे आतून मोडत आलेली.

तुलनेने मोठा साठा बेवारस राहिला तर काय होते, हे लुईझियाना राज्यातल्या कँप मिंडेनने दाखवले. लष्कराने निकामी केलेल्या तोफगोळ्यांतली एम६ ही दारू विल्हेवाटीसाठी एका खासगी कंपनीकडे दिली होती. १५ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री तिथे स्फोट झाला आणि काही मैलांवरच्या घरांच्या काचा फुटल्या. पोलीस तपासाला गेले तर सुमारे ७० लाख किलो दारू बेकायदा पडलेली, काही गोण्या-खोक्यांत उघड्यावर, पावसात. जवळचे डॉयलिन हे गाव काही दिवस रिकामे करावे लागले. पुढे सरकारने ती उघड्यावर जाळायचे ठरवले तेव्हा गावकरी उभे राहिले. एम६ मध्ये डायनायट्रोटोल्युइन असते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहण्यास नालायक करते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याच्या दोन प्रकारांना ‘शक्यतो कर्करोगकारक’ ठरवले आहे. आपल्या विहिरींत आणि हवेत ते नको, असे गावकऱ्यांचे म्हणणे होते आणि ते रास्त होते. शेवटी बंद भट्टीत, धूर गाळून, एप्रिल २०१७ पर्यंत ते काम पूर्ण झाले. स्फोटापासून साडेचार वर्षे. या सगळ्या काळात साठ्यातला स्थिरक संपत चालल्याची भीती अधिकाऱ्यांच्या डोक्यावर होतीच.

गॅरेजमधल्या डब्यांचा आकार याच्या लाखाव्या हिश्शाचाही नाही. पण संख्या मोठी आहे, आणि त्यांचा हिशेब कुणाकडेच नाही. अमेरिकेत निवासी घरात अशी दारू २० पौंडांपर्यंत, म्हणजे नऊ किलोंपर्यंत, मूळ डब्यात ठेवायला चालते. ५० पौंडांपर्यंत असेल तर किमान एक इंच जाडीच्या फळ्यांच्या लाकडी पेटीत. लोखंडी तिजोरी का नाही, हे विचारण्यासारखे आहे. बिनधुराची दारू मोकळ्यावर पेटली तर भडकून जळते, फुटत नाही. घट्ट बंद केली तर दाब वाढतो आणि तीच बाँब होते. लाकडी पेटी वेळेवर उकलते. घरात चोरांना घाबरून जाड पोलादी कपाटात डबे कोंडणारे लोक या एका नियमाच्या नेमके उलट वागतात.

मूळ डब्यातच ठेवा, या आग्रहामागेही डॉक्टरी कारण आहे. कॉफीच्या बरणीत ओतलेली, नाव पुसलेली दारू जेव्हा वारसाच्या हाती येते तेव्हा ती कोणती, किती जुनी, एका जातीची की दोन उरलेल्यांची भेसळ, काहीच कळत नाही. अशा बरणीतली दारू वापरायची नाही, एवढाच नियम. वास घेऊन पाहणे ही तपासणीची पद्धत नव्हे. डबा बाहेर, सावलीत, माणसांपासून लांब ठेवावा आणि स्थानिक अग्निशमन दलाला किंवा पोलिसांना कळवावे. अमेरिकेत राहणाऱ्या, जुने घर विकत घेतलेल्या मराठी कुटुंबांना तळघरात अशी फळी सापडली तर त्यांच्यासाठीही हेच.

टंचाईच्या काळात कंपन्यांकडे एक मागणी करायला हवी आणि ती अवघड नाही. कोणतीही दारू बंद करताना ती कधी बनली आणि तिचा साठा किती काळ निर्धोक मानावा, हे खेपेच्या क्रमांकासह जाहीर करावे. नव्या डब्यांवर बनवल्याचा महिना-वर्ष छापावे. आज खेपेचा क्रमांक उलगडणे जाणकारालाच जमते. आजोबांचे गॅरेज आवरणाऱ्या नातीला तो म्हणजे अर्थहीन आकड्यांची ओळ. दूध, खोकल्याचे औषध, अगदी रंगाचा डबाही तारीख छापून विकला जातो.

भारतात घरी काडतूस भरण्याचा असा सर्वत्र पसरलेला छंद नाही, ही आपल्यासाठी दिलाशाची गोष्ट. पण हा पदार्थ आपल्या शेजारी तयार होतो. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत नायट्रोसेल्युलोज आणि दारू बनते. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या स्फोटात आठ कामगारांचा जीव गेला. स्फोटांत जिवंत राहिलेल्या आणि आगीच्या धुरात सापडलेल्या माणसांना भाजल्याचा इलाज पहिल्या तासात मिळतो. फुफ्फुसाचा विचार मात्र भाजल्याच्या गडबडीत मागे पडण्याची भीती असते. अशा रुग्णाला वरून जखम नसली तरी किमान एक रात्र प्राणवायूची पातळी मोजत ठेवून घेणे, ही काही महागडी सोय नाही. जिल्हा रुग्णालयात बोटाला लावायचे यंत्र असते.

आणि कोकणात, सह्याद्रीच्या वाड्यांत, शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या आहेत. रानडुकरांसाठी आजोबांनी आणलेली काडतुसे त्यांच्या मागे ट्रंकेत, नाहीतर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत राहतात. कोकणातला माळा आणि तिथला चैत्र-वैशाख, त्यात पावसाळ्यातली चार महिने दमट हवा. दारूला याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. परवानाधारक गेल्यावर बंदुकीबरोबर ही काडतुसेही पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. बंदूक जमा होते. काडतुसे विसरली जातात, किंवा ‘पुढेमागे लागतील’ म्हणून मुद्दाम ठेवली जातात. पेटी उघडल्यावर कवचावर हिरवट-पांढरी भुकटी दिसली, कागदी काडतूस फुगलेले दिसले, तर त्याला चाकू लावू नये, उन्हात वाळवू नये, चुलीत तर मुळीच टाकू नये. झाकण हळूच लावून ठाण्यात फोन करावा. पेटी उघडताना कुणाला तपकिरी वाफ झोंबली असेल, तर त्याने दवाखान्यात नुसते ‘खोकला येतो’ असे सांगू नये, पेटीत काय होते तेही सांगावे, म्हणजे डॉक्टर त्याला त्या रात्री घरी पाठवणार नाहीत.